दिव्यासाठी दिलेली किल्ली

॥ श्री ॥

सालवड, बोईसर
मंगळवार, २७ मे १९८६

प्रिय मंगला,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं. पण पत्राला सुरुवात लागते आणि धाकट्या जावेला दुसरं काही लिहायची आपल्या घरात रीत नाही, म्हणून लिहिलं. आशीर्वादही आहेत. ते मी देवाच्या नावाने देते, त्यात माझं मन मधे आणत नाही. रविवारी माकुणसारला तुझ्याकडे जेवून आले, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. परदेशातून आल्यावर आधी घरच्या देवांचं दर्शन, मग बाकी सगळं, असं ठरवूनच मी विमानात बसले होते. शालूला वाटेत ताप भरला म्हणून तिला केळव्याला माझ्या बळवंतदादाकडे ठेवली आणि तुझ्याकडे एकटी आले. तू केळफुलाची भाजी केली होतीस, तांदळाची भाकरी होती. वाढता वाढता म्हणालीस, “वयनी, पोरीला का नाय आणली? काकू कवाची वाट बगते तिची.” तीन वर्षांनी आपली बोली कानावर पडली आणि मला भरून आलं. ते जेवण, ती भाजी, ते बोलणं, सगळ्याचे आभार इथेच मानून टाकते, कारण पुढे या पत्रात आभाराला जागा सापडायची नाही.

हे पत्र ओटीवर मोठ्याने वाचू नकोस. वामनभावजींच्या हातातही आधी देऊ नकोस. स्वयंपाकघरात एकटी बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच. ‘वयनीची कटकट’ म्हणून मधेच चुलीत घातलंस तर नुकसान माझं नाही, शालूचं होईल. जे लिहिते आहे ते तिच्यासाठी. नाहीतर तुझ्यावर एक शब्द खर्चायची माझी तयारी नाही, आणि मी किती जपून खर्च करते ते तू जाणतेस. काड्यापेटीतल्या काड्या मोजणारी जाऊ म्हणून माझं नाव गावभर तूच केलं होतंस.

गेल्या वर्षी नैरोबीला आमच्या घरी चोरी झाली तेव्हा मी तुला कळवलं होतं. तुझं उत्तर आलं, चार ओळींचं. गेलं ते गेलं, जीव वाचले ना, तुमाला तिकडे काय कमी हाय, परत घ्याल. आणि खाली एक ओळ, की परमुलखात देवाधर्माचं नीट होत नाही, त्याने असं होतं. ती ओळ मी ह्यांना वाचून दाखवली नाही, बोटाखाली झाकली. काय गेलं, कसं गेलं, घरात कोण होतं, हे तू विचारलं नाहीस. माकुणसारच्या घरातून कुणीच विचारलं नाही. तेव्हा न विचारलेलं आज सांगते.

रविवारची सकाळ होती. गुजराती मंडळाच्या हॉलमध्ये पूजा होती, आम्ही तिघं तीर्थप्रसाद घेऊन परत आलो. खाली फाटकापाशी पटेलबेन भेटल्या, त्यांच्याशी बोलत उभे राहिलो. शालूला कुलूप उघडायची भारी हौस. किल्ली घेऊन ती पुढे धावत जिना चढून गेली. तिने दार उघडलं तेव्हा तो माणूस अजून आत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज कापून आलेला, आमच्याच पलंगपोसात आमचं सामान बांधून खांद्यावर घेतलेला. शालू आठ वर्षांची. त्याने तिला मारलं नाही, दटावलं नाही. शाळेत बाई करतात तसं ओठांवर बोट ठेवलं, आणि खिडकीतून उतरून गेला. आम्ही वर पोचलो तर पोर खोलीच्या मधोमध उभी, मुठीत किल्ली. विचारलं तर बोलेना. घाबरली असेल, जेवल्यावर बोलेल, असं वाटलं. जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी बोलली नाही, आठवडा गेला तरी नाही. ते बोटाचं तर तिने फार उशिरा सांगितलं. त्या माणसाने गप्प राहा म्हटलं आणि माझी पोर गप्प राहिली, मंगला. महिना उलटला तरी गप्पच.

हे मी तेव्हा कळवलं नाही. लाज वाटली. मुलगी मुकी झाली असं सफाळ्याच्या बाजारापर्यंत झालं असतं, आणि पोरीच्या जन्माला ते चिकटलं असतं.

माझ्या बांगड्या गेल्या, रेडिओ गेला, कुकर गेला. ते गेलेलं मी एकदाच वहीत लिहिलं आणि पान उलटलं. मला टोचलं ते निराळंच. पिठाचा डबा त्या चोराने दागिन्यांसाठी उपडा केला होता आणि त्या सांडलेल्या पिठात बुटाचा ठसा उमटला होता. मी वरचं पीठ चाळून वापरणारी बाई, शिळ्या भाकरीचा कुस्करा करणारी. ते सगळं पीठ केरात टाकलं. सगळ्या साड्या पुन्हा पुन्हा धुतल्या, तरी घडी घालताना वाटायचं की कुणाचा तरी हात यावरून फिरलाय. ह्यांनी दाराला आणखी दोन कड्या बसवल्या. मिलमधून आले की चहा घ्यायच्या आधी एकेक कडी ओढून बघायचे. माझ्या हातून ताट पडलं तर अंगावर ओरडायचे आणि मग तोंड फिरवून बसायचे. असा माणूस नव्हता तो, तुझ्या लग्नात सबंध पंगत हसवली होती त्याने. आणि शालू चपला घालून झोपायची. काढू गेलं की पाय आखडून घ्यायची. पळायची वेळ आली तर तयार असावं म्हणून.

तुला सांगते, तिथे आम्हाला कोण भेटलं. तळमजल्यावर तिथलीच एक बाई राहायची, शेंगा विकायची. तिकडे आईला लेकराच्या नावाने हाक मारतात, तशी मला ‘मामा शालू’ म्हणायची. चोरीचं कळल्यावर ती वर आली, ‘पोले, पोले साना’ म्हणाली. वाईट झालं, फार वाईट झालं, असा त्याचा अर्थ. मग रोज दुपारी यायची आणि शालूशेजारी बसून मटार सोलायची. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. काही विचारायची नाही, सल्ला द्यायची नाही, आमचं देवाधर्माचं काय चुकलं ते सांगायची नाही. मटार संपले की शालूच्या डोक्यावरून हात फिरवून जायची. तिचं माझं नातं काय होतं? तुझं माझं तर कागदोपत्री आहे.

तशीच एक दुपार. शालूला कुशीत घेऊन आडवी झाले होते. देवाचं नाव घेऊन झालं, गोष्टी सांगून झाल्या, पोर आढ्याकडे बघत पडलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी आपल्या बोईसरच्या खोलीचं बोलायला लागले. म्हटलं, चल, आपण आपल्या घरी जाऊ. कडी काढली. उंबरठा ओलांडला. डावीकडे चपलांची फळी. समोर खिडकी, खिडकीखाली शिवणाचं मशीन, मशीनच्या पोटात शालूबायचं घर. लहानपणी ती मशीनखाली पायाच्या जाळीवर बाहुली घेऊन बसायची आणि मला शिवता यायचं नाही, तुला आठवत असेल. आली की तू तिच्या दाराची कडी वाजवून विचारायचीस, “शालूबाय घरात हाय काय?” पुढे म्हटलं, उजवीकडे देव्हारा. देव काकूकडे राहायला गेलेत, पण देव्हारा आहे, वर कोनाड्यात दिवा. भिंतीवर घड्याळ, सदा पुढे पळणारं. मोरीपाशी तांब्याचा हंडा. खाटेखाली पाट. तेवढ्यात शालू म्हणाली, “नाही. पाट दाराच्या मागे.”

महिन्यानंतर तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. मी हललेसुद्धा नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. म्हटलं, बरं बाई, दाराच्या मागे. आणि डाग कुठल्या बाजूला? “भिंतीकडे,” ती म्हणाली. स्टोव्ह भडकून पाटाला पडलेला तो काळा डाग मला नको वाटायचा म्हणून मी पाट नेहमी तसा ठेवत असे. सहाव्या वर्षी इथून गेलेल्या पोरीला ते आठवत होतं.

त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही खोलीत जायचो. मी मुद्दाम चुकायची आणि ती दुरुस्त करायची. हंड्याच्या कडेला पोचा आहे, घड्याळाची काच खालून तडकलेली आहे, मशीनचा खण ओढला की अडकतो. तिचं बोलणं त्या खोलीतून परत आलं. पावसाळा सुरू व्हायच्या सुमारास एकदा म्हणाली, “आई, आपल्या घरात कुणी येत नाही ना?” मी म्हटलं, नाही गं, कुलूप आहे, आणि काकू दर अमावास्येला जाऊन दिवा लावते. तेव्हा तिने पायातून चपला काढल्या. स्वतःच्या हाताने काढून खाटेखाली ठेवल्या. मग तुझी पत्रं यायची, ‘दिवा लावून आले, सगळं आहे तसं आहे,’ ती मी तिला वाचून दाखवायची. एका पत्रातली ती ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. वामनभावजींची ख्यालीखुशाली नव्हे, वाडीतल्या केळी नव्हेत, तीच ओळ.

आता आठव, किल्ली मी तुला कशासाठी दिली होती. आपल्या सासूबाई सांगायच्या, देव कुलपात उपाशी ठेवू नयेत आणि घर दिव्यावाचून ठेवू नये. बंद घरात दिवा लागला नाही की घर माणसाला ओळखेनासं होतं. म्हणून जाताना देव मी हळदकुंकू लावून तुझ्या ओटीत घातले आणि किल्ली तुझ्या हातावर ठेवली. दिव्यासाठी. दर अमावास्येला सफाळ्याहून शटलने बोईसरला यायचं, खोली झाडायची, दिवा लावायचा, जायचं. तेलाची बाटली आणि वातींचा पुडा मी कोनाड्यात भरून ठेवला होता, तुला तेवढीही तोशीस नको म्हणून. तू माझ्या गळ्यात पडून रडली होतीस. मीही रडले होते. आपण एकमेकींच्या मागोमाग त्या घरात आलो, एका चुलीवर राबलो. सख्खी बहीण नव्हती मला, ती जागा मी तुला दिली होती.

रविवारी तुझ्याकडून निघताना मी म्हटलं, आता खोलीवर जाते, झाडलोट करते, शालूला आणायच्या आधी घर लख्ख पाहिजे. तू म्हणालीस, “जाल ओ वयनी, घाई काय हाय? खोली कुबट झाली असल. आठ दिस रावा हितंच, मी जाऊन साफ करून येतेय.” मला वाटलं, केवढी माया. माझ्यासारखी भाबडी बाई अख्ख्या तालुक्यात मिळायची नाही.

काल सकाळी इथे आले. कारखान्यांचा तोच वास, नळाला तेच मचूळ पाणी. कुलपाला माझ्याकडची दुसरी किल्ली लावली तर फिरेना. पाठीमागच्या खोलीत एक यूपीकडचा माणूस राहतो, लूमवर कामाला आहे, रात्रपाळी करून आलेला. तो बिचारा घासलेट घेऊन आला, खटपट केली. म्हणाला, “भाभी, इस ताले को तो बरसों से किसी ने छुआ नहीं.” मी त्याला म्हटलं, नाही हो, माझी जाऊ दर महिन्याला येते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कुलपात आणखी घासलेट सोडलं.

दार उघडलं. मंगला, तुला ठाऊकच आहे आत काय होतं, मग मी कशाला सांगू? पण सांगते. डावीकडे चपलांची फळी होती. तेवढी ठेवलीस. खिडकीखाली मशीनच्या चार पायांचे गंजाचे ठसे होते. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल. खाट होती, हंडा नव्हता. देव्हारा नव्हता, त्याचा खिळासुद्धा उपटलेला. दाराच्या मागे मी पुन्हा पुन्हा पाहिलं, जसं काही पाट कुठे सरकला असेल. कोनाड्यात पणती होती आणि पणतीत सुकलेल्या तेलाच्या थरात झुरळ चिकटून मेलेलं. वातींचा पुडा मी बांधला होता तसाच, गाठसुद्धा माझीच. एक वात सुटलेली नाही.

आधी मनात आलं की इथेही चोरी झाली. देवाशप्पथ, तुझ्याबद्दल मनात आलंच नाही. म्हटलं, देवा, एका माणसाच्या मागे किती लागायचं ते. तेवढ्यात शेजारच्या जमनाबाई डोकावल्या, नवापूरहून मासळी घेऊन येतात त्या. त्यांना म्हटलं, बाई, माझी खोली फोडली. त्या म्हणाल्या, “फोडली कोन? तुमची जाव आलती ना टेंपो घेऊन, दोन दिवाळ्या झाल्या. मी इचारलं, बायो, बाई आल्या काय तिकडून? तर म्हनाली, वयनीनीच सांगलंय, उंदीर खातील म्हनून नेते. चांगली बोलली. मी हात लावला त्या मशीनला, लय जड हाय.”

दोन दिवाळ्या. आमच्याकडे चोरी झाली त्याच्याही आधी. म्हणजे मी शालूला ज्या खोलीत रोज फिरवत होते ती तेव्हाच रिकामी होती. पोर पाटाची जागा दुरुस्त करत होती तेव्हा तो पाट तुझ्या घरात होता. आणि तू लिहीत होतीस, सगळं आहे तसं आहे.

मग मला रविवारचं जेवण आठवलं. पाटावर बसताना हाताला खरखरीत लागलं होतं. मी खाली पाहिलंही होतं. म्हटलं, हिच्याकडेही पाटाला डाग पडलाय, बायकांची नशिबं सारखी. माझ्या पाटावर मला बसवून तू मला भाकरी वाढलीस. ओटीच्या कोपऱ्यात काहीतरी चादरीने झाकलेलं होतं, वर पानांची टोपली. खाली ब्लाउजच्या कापडाच्या चिंध्या. मी उलट कौतुकाने विचारलं, शिवण शिकलीस का गं. तू म्हणालीस, “असंच, टाइमपास.” आणि आत पाणी आणायला गेलीस. पाणी पुढ्यातच होतं.

जमनाबाईंकडून हेही कळलं की गेल्या सालच्या आधी तुमच्या पानवेली मेल्या, वाडी बसली. हे तू मला एका पत्रात लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस, की वयनी, हात अडकलाय, मशीन नेते, चार ब्लाउज शिवीन, तर मी उलट टपाली लिहिलं असतं की ने, आणि खण अडकतो त्याला मेण लाव. माझा स्वभाव चिकट असेल, पण मागितलेलं मी कुणाला नाही म्हटलेलं नाही. वामनभावजी पारावर काय बोलतात तेही ऐकलं. मोठा भाऊ तिकडे सोन्याच्या पाटावर बसतोय, त्याला इथलं लाकूड कशाला. त्यांना सांग, मोठा भाऊ तिकडे परक्याच्या मिलमध्ये रंगाच्या वाफेत उभा राहतो. खोकला घेऊन बसलाय. अजून वर्षभर तिथे एकटा राहणार आहे, कारण पोरीला इथल्या शाळेत घालायची म्हणून आम्ही दोघी निघून आलो. तिला तिच्या घरात ठेवायची म्हणून.

नैरोबीच्या त्या माणसाला मी पुष्कळ शाप दिले. काल दिवसभर त्या रिकाम्या खोलीत बसून विचार केला आणि त्याच्यावरचा माझा राग बराच उतरला. तो मला ओळखत नव्हता. माझं मीठ त्याने खाल्लं नव्हतं. गज कापून आला, म्हणजे हे घर आपलं नाही एवढं तरी त्याला ठाऊक होतं. तू किल्लीने उघडलंस. आणि त्या घरातल्या देवाच्या तसबिरीला त्याने हात लावला नाही, तू देवांच्या बसायची जागा उचलून नेलीस. माझे देव सध्या तुझ्याकडेच राहू देत. रिकाम्या भिंतीवर त्यांना कुठे बसवू? तुझ्याकडे निदान त्यांचा स्वतःचा देव्हारा आहे.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. शालूने खोली अजून पाहिलेली नाही. केळव्याला मामाकडे आहे, ताप उतरलाय, आणि बळवंतदादाला एकच विचारते, आपल्या घरी कधी जायचं. उद्या मी तिकडे जाते, शितलादेवीला नारळ ठेवते आणि शनिवारी दुपारी तिला घेऊन इथे येते. मी दुसरं मशीन आणू शकते, दुसरा पाटही, पण ती पोर तडकलेली काच आणि हंड्याचा पोचा हाताने चाचपून बघणार आहे, तिला फसवता येणार नाही. कुलूप मी बदललेलं नाही. किल्ली तुझ्याकडे आहे. हे पत्र जमनाबाईंचे यजमान दामूभाऊ उद्या सफाळ्याला जाताना तुझ्या हातात देतील, म्हणजे गुरुवार, शुक्रवार तुझे. टेंपोवाला तुझ्या ओळखीचा आहेच. मशीन खिडकीखाली, चाक भिंतीकडे. घड्याळ पांढऱ्या गोलावर. हंडा मोरीपाशी, पोचा आत. देव्हारा उजवीकडे. पाट दाराच्या मागे, डाग भिंतीकडे. मग पणती घासून दिवा लाव, या वेळी खरोखर लाव, आणि किल्ली जमनाबाईंकडे देऊन जा. एवढं केलंस तर मी भावकीत बोलणार नाही, ह्यांनाही कळवणार नाही, तुझ्या दारी आले तर हसून पाणी मागीन. त्या माणसाने शालूच्या पुढ्यात ओठांवर बोट ठेवलं होतं, तसं या वेळी मी माझ्या ओठांवर ठेवते. आणि नाही आलीस तरी भांडायला येणार नाही. शनिवारी शालूला बोईसरला न आणता केळव्याहून सरळ माकुणसारला आणीन, तुझ्या ओटीवरची ती चादर ओढीन आणि तिला सांगेन, हे बघ तुझं घर, ते इथे कसं आलं ते काकूला विचार. ती विचारील, मंगला. आता ती बोलते.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
वत्सलावहिनी